रेती की क्रश सँड? गावठाणात घर बांधायला काढणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की घणसोली, दिवाळे, खारेगाव, कळवा या ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या पट्ट्यात जुनी घरं उतरवून नवी बांधायची कामं निघतात. सिमेंट कुठलं, सळई कुठली यावर घरात दोन-दोन दिवस चर्चा होते, आणि रेतीचा विषय निघाला की "ते कॉन्ट्रॅक्टर बघेल" म्हणून सगळे मोकळे होतात. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण आठ गोणी, म्हणजे ४०० किलो सिमेंट जातं. रेती जाते ७०० किलोच्या आसपास. एवढं वजन ज्या मालाचं आहे तो कुठून आला, ते कोणी विचारत नाही म्हणून हे लिहितोय. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच, पण दुसऱ्या बाजूचंही जे खरं आहे ते सांगतो.

बाजारात "रेती" या एका नावाखाली निदान दोन वेगळे माल विकले जातात. एक खाडीची रेती, दुसरी नदीची. नदीची आपल्याकडे बहुतेक लांबून येते, तापीकडून किंवा गुजरातकडून. क्रश सँड म्हणजे खाणीतला काळा दगड फोडून केलेली वाळू. तिच्यातही दोन प्रकार आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो, पण त्याकडे नंतर येतो.

आधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सोपं जाईल. नदी वाहत असताना आपल्या खाडीत चांगली रेती इतकी कमी का? वाळू टिकते ती गारगोटीच्या कणांमुळे, आणि ते कण येतात ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मातून. नर्मदेच्या वाटेत हे दोन्ही खडक लागतात, म्हणून तिकडची वाळू टणक आणि स्वच्छ वाटते. आपला सह्याद्री म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. त्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, गारगोटी जवळजवळ नसतेच. त्यातली खनिजं उन्हापावसात कुजली की त्यांची चिकणमाती आणि तांबडा मुरूम होतो. त्यामुळे उल्हास, काळू, भातसा या नद्या खाली आणतात तो थोडा न कुजलेला काळा कण, थोडे झिओलाइट या पांढऱ्या खनिजाचे तुकडे आणि भरपूर गाळ. उल्हास जेमतेम १२२ किलोमीटर लांबीची. घाटातून झपाट्याने उतरते आणि कल्याणच्या पुढे भरतीचं पाणी तिला भेटतं. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, म्हणून खाडीत जिकडे पाय टाकाल तिकडे चिखल. रेती साचते ती वळणावर, जिथे ओहोटीची धार तिला धुऊन वेगळी काढते तेवढ्याच पट्ट्यात. वर भातसा आणि बारवी धरणांत बराचसा गाळ अडतो. मुंब्र्याच्या रेतीबंदराचं नाव ज्या काळात पडलं, त्या काळासारखी रेती पात्रात परत भरून येईल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

ती काढायची जुनी रीत डुबीची. होडी उभी करायची, बांबू रोवायचा, त्याला धरून माणूस बादली घेऊन तळाशी जायचा. या पद्धतीत निघायची तेवढीच निघायची. सक्शन पंप आले आणि गणित बदललं. बार्जवरचा पंप तळातून रेती आणि खारं पाणी एकत्र ओढतो, पाणी परत खाडीत सोडतो, रेती बार्जवर बसते. तळाला खड्डा पडला की काठाची माती त्यात घसरते, तिवरं मुळासकट कलतात, खारजमिनीचे बांध खचतात आणि शेतात खारं पाणी शिरतं. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांना हे मी वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रेती-दगडासारख्या गौण खनिजाच्या छोट्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. त्यामुळे आज कोणी "खाडीचा ताजा माल" म्हणून रेती देऊ केली, तर आधी वाहतूक परवाना मागा. परवाना नसेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझ्यापुरता निकाल लागला, ती सांगतो. ती म्हणजे मीठ.

आपल्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा दिली आहे. एका घनमीटरला ०.६ किलो, म्हणजे ६०० ग्रॅम. त्यात सिमेंट, पाणी, खडी, रेती, केमिकल सगळ्यांचं मिळून आलं. आता हिशोब करून बघा. घनमीटरला ७०० किलो रेती. खाडीतून आलेल्या ओल्या रेतीत ५ टक्के पाणी म्हणजे काही फार नाही, हाताला नुसती दमट लागते. ते झालं ३५ लिटर पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. ३५ गुणिले १९ म्हणजे ६६५ ग्रॅम. बाकीचं काहीही न मोजता मर्यादा ओलांडली. खाडीचं पाणी पावसाळ्यात गोडसर होतं, वरच्या अंगाला कमी खारं असतं, हे मान्य. पण तुमच्या दारात उतरलेली गाडी कुठल्या महिन्यातली आणि कुठल्या वळणावरची, हे डंपरवालाही सांगू शकत नाही. आणि रेती वाळवली म्हणजे काम झालं असंही नाही. पाणी उडून जातं, मीठ कणांवर तसंच राहतं.

हे क्लोराइड सळईवरचा संरक्षक थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब येतो आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत भेग दिसते. मग पोपडे पडतात. गिलाव्यात गेलेलं मीठ वेगळा त्रास देतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून जून ते सप्टेंबर भिंत दमटच राहते आणि पावसाळा संपला की लोणा फुटतो. रंगवाला खरवडतो, प्रायमर मारतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बाहेरून गळती शोधत बसतात, वॉटरप्रूफिंगवर खर्च होतो आणि कारण मात्र गिलाव्याच्या आत असतं. सगळ्या दमट भिंती रेतीमुळेच असतात असं मी म्हणत नाही. पण ज्या भिंतीला ना वर बाथरूम आहे ना बाहेर पावसाचा मारा, आणि तरी छातीएवढ्या उंचीवर पांढरा लोणा आहे, तिथे मला रेतीचाच संशय आधी येतो.

धुऊन घेता येते का? येते, पण गोड्या पाण्याने, पाणी बदलत बदलत, तळाला निचरा ठेवून. टँकरच्या पाण्याने एवढी धुलाई साइटवर कोणी मनापासून करत नाही. नुसता पाइप वरून मारला तर वरचं मीठ खाली जातं आणि ढिगाच्या तळाशी साचतं. म्हणून तपासायला नमुना घेताना वरून, मधून, तळातून, चार-पाच ठिकाणची मूठ-मूठ घेऊन एकत्र करा. साधी चाचणी अशी: बाटलीत नमुना घ्या, त्यात बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी टाका, खूप हलवा, निवळू द्या. वरचं पाणी गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका बसला तर क्लोराइड भरपूर आहे. नळाचं पाणी वापरू नका, त्यात मुळातच थोडं क्लोराइड असतं आणि फसगत होते. अर्थात ही फक्त पहिली चाळणी. नेमका आकडा प्रयोगशाळाच देईल.

क्रश सँडच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच की डोंगरातल्या दगडात हे मीठ नसतं. पण म्हणून ती डोळे झाकून घ्यायची नाही. तिचे दोष वेगळे आहेत, आणि तेही खाणीपासूनच सुरू होतात.

लाव्ह्याचा एकेक थर सगळीकडे सारखा नसतो. मधला भाग घट्ट, काळा, वाजवला तर टणटणीत आवाज देणारा. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, त्यांच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, कॅल्साइट, हिरवट माती भरलेली असते. विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा, मऊ पट्टा लागतो. चांगल्या खाणीत आधी वरची माती आणि मुरूम काढून बाजूला टाकतात, मग पायऱ्या-पायऱ्यांनी दगड उतरवतात: भोकं पाडायची, सुरुंग लावायचे, मोठे धोंडे ब्रेकरने फोडायचे, आणि डबर क्रशरच्या तोंडात टाकायचा. घाई असली की मांजऱ्या आणि तांबडा पट्टाही त्याच डंपरमध्ये भरला जातो. मग वाळू मऊ होते, पाणी जास्त पिते आणि तिच्यात खरी माती मिसळते. शीळफाटा, पनवेल, उरण या बाजूच्या खाणींतून येणारा माल म्हणूनच एका महिन्याला चांगला आणि दुसऱ्या महिन्याला सुमार असू शकतो.

आता ते दोन प्रकार. जॉ क्रशर आणि कोन क्रशर दगड दाबून फोडतात. खडी नंबर एक, दोन आणि कपची चाळून काढल्यावर जे उरतं त्याला ग्रिट किंवा डस्ट म्हणतात. त्याचे कण चपटे, कडांना धारदार, आणि मधल्या आकाराचे कण कमी: एकतर जाड, नाहीतर पीठ. हाच माल कित्येक ठिकाणी "क्रश सँड" म्हणून उतरवला जातो. खरी क्रश सँड व्हीएसआय मशीनवर होते. त्यात रोटर मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो आणि दगड दगडावर आपटतो, त्यामुळे कडा झडतात आणि कण बऱ्यापैकी गोलसर निघतो. मग पाण्याने धुऊन जास्तीची भुकटी काढतात. चिमूटभर तळहातावर घेऊन उन्हात बघा. चपट्या, सुईसारख्या कपच्या दिसल्या तर तो ग्रिट आहे, भाव काहीही सांगोत.

भुकटीबद्दल एक गैरसमज आहे. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसले की लोक माल परत पाठवतात. खडी-वाळूचं मानक, आयएस ३८३, नैसर्गिक वाळूत असे कण वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालवून घेतं, पण फोडलेल्या दगडाच्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत. कारण पहिल्यात ती बहुतेक माती असते, दुसऱ्यात दगडाचंच पीठ. थोडं पीठ असलेलं बरंच, माल चिकट राहतो आणि पाणी वर येत नाही. १५ च्या वर गेलं की पाण्याची मागणी वाढते, आणि गिलावा वाळताना केसासारख्या भेगांचं जाळं पडतं.

मग माती की पीठ, हे कसं ओळखायचं? काचेची उभी बरणी घ्या. निम्मी वाळूने भरा, वर पाणी, चमचाभर मीठ. झाकण लावून जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. खाली वाळू, तिच्यावर बारीक थर. पट्टीने दोन्ही मोजा. नैसर्गिक रेतीत वरचा थर खालच्या वाळूच्या साधारण ८ टक्क्यांपर्यंत असेल तर ठीक. क्रश सँडमध्ये जाडीपेक्षा रंग बघा. करडा थर आणि वरचं पाणी निवळलेलं, तर दगडाचं पीठ. तांबूस थर आणि पाणी तासन्‌तास गढूळ, तर मुरूम किंवा मांजऱ्या मिसळलाय. दुसरी खूण हाताची: ओली मूठ वळा, उघडा. गोळा लाडवासारखा टिकला आणि तळहाताला तांबडा डाग राहिला, तर गाडी खाली करू नका.

मापात फसगत दोन्हीकडे होते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ओली वाळू फुगते. ४ ते ६ टक्के ओलीला फुगवटा २५ टक्क्यांपर्यंत सहज जातो, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. डब्यात ओली वाळू सैल भरा, समजा उंची २० सेंटीमीटर. ती काढून डबा निम्मा पाण्याने भरा, वाळू परत टाका, सळईने ढवळा. उंची १६ वर आली तर फुगवटा ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के. एका ब्रासच्या पैशात तुम्हाला खरी ८० घनफूट मिळाली. धुतलेली क्रश सँडही ओली येते आणि तीही फुगते, तेव्हा या बाबतीत ती साधी-सरळ आहे असं मी म्हणणार नाही. जमेल तिथे काट्यावर वजन करून घ्या. कोरडी, सैल भरलेली रेती ब्रासला साधारण साडेचार टन भरते, बेसॉल्टची क्रश सँड त्याहून थोडी जड.

हाच फुगवटा काँक्रीटमध्येही घात करतो. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला एका गोणीमागे ३५ लिटरच्या फर्म्याने, म्हणजे मापाच्या पेटीने, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. वाळू २५ टक्के फुगलेली असेल तर दीडऐवजी पावणेदोनच्या वर, साधारण १.९ फर्मे टाकायला हवी, नाहीतर काँक्रीट खडीच खडी होतं आणि कॉलममध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात. पाण्याचंही तसंच. गोणीला २५ लिटर ठरलं असेल आणि ८४ किलो वाळूत ५ टक्के पाणी असेल, तर ४ लिटर आधीच आत आहे. वरून २१ च टाकायचं.

क्रश सँड वापरताना गवंड्याची पहिली तक्रार ठरलेली: "माल कडक येतो, पाणी वाढवा." तक्रार खोटी नाही. कोनदार कण एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. पण पाणी वाढवलंत की ताकद गेली. त्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं केमिकल, घाला, सिमेंटच्या अर्धा टक्का म्हणजे गोणीला २५० ग्रॅम, डब्यावरची मात्रा बघून. ते आधी मिसळायच्या पाण्यात घाला, कोरड्या मालावर ओतू नका. उन्हाने तापलेला कोरडा ढीग असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा, म्हणजे वाळू मिक्सरमधलं पाणी ओढणार नाही. एवढं केलं की, माझ्या अनुभवात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवंड्याचा हात बसतो.

रेतीची एक बाजू मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. गिलाव्यात तिचा हात वेगळाच आहे. गोल कण थापीखाली सरकतो, ओळंबा-पट्टी लवकर होते, आणि बाहेरच्या सँड-फेस गिलाव्यात स्पंज फिरवल्यावर जो एकसारखा दाणा उमटतो तो क्रश सँडला अजून तसा जमलेला मला दिसला नाही. म्हणून नदीची, खात्रीची, पावतीची रेती मिळत असेल तर बाहेरच्या शेवटच्या हातापुरती ती घ्यायला माझी हरकत नाही. त्या हाताची जाडी ८ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे लागतेही थोडी. आतला पहिला १२ मिलिमीटरचा हात, आतल्या भिंती, विटकाम, पाया, कॉलम, स्लॅब, हे सगळं मी क्रश सँडमध्येच करेन. गिलाव्यासाठी वेगळी प्लास्टर सँड मागा. ती काँक्रीटच्या वाळूहून बारीक असते. तरीही साइटवर २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, एक जाड कण पट्टीखाली आला तरी हातभर चर पडते. कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यावर जाळी मारा, आणि गिलाव्याला निदान सात दिवस पाणी द्या. क्रश सँडच्या गिलाव्याला भेगा पडतात असं जे म्हणतात, त्यातल्या बऱ्याच भेगा तिसऱ्या दिवशी पाणी बंद केल्याच्या असतात.

भावाबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, तो आठवड्याला हलतो. साधारणपणे क्रश सँड स्वस्त पडते कारण खाण जवळ आहे. शिवाय पावसाळ्यात पात्रातून काढणं बंद असतं तेव्हा रेतीचा भाव चढतो आणि नेमका त्याच वेळी मिसळलेला माल फिरतो. डोंगर फोडणं हे काही निरुपद्रवी नाही. पारसिक डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनी सुरुंगाचे हादरे आणि पत्र्यावर साचलेली धूळ पाहिली आहे. पण खाणीचा पट्टा आखता येतो, पायऱ्या मोजता येतात, पाणी मारून धूळ दाबता येते. पाण्याखाली पंपाने किती खड्डा केला, ते काठ खचेपर्यंत दिसत नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारनेही कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारं धोरण आणलं आहे, तेव्हा चांगली व्हीएसआय मशीनं वाढतील अशी आशा आहे.

ऑर्डर देताना "क्रश सँड" एवढंच सांगू नका. "व्हीएसआयची, धुतलेली, काँक्रीटसाठी झोन दोनची" असं सांगा, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. झोन दोन म्हणजे ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून ३५ ते ५९ टक्के कण खाली जातात. तपासणीचा अलीकडचा कागद मागा. पहिल्या गाडीची बरणी लावा, आणि ती बरणी तारखेची चिठ्ठी चिकटवून खिडकीत ठेवून द्या. तिसरी, पाचवी गाडी आली की शेजारी दुसरी बरणी. थराचा रंग बदलला की खाणीत पट्टा बदललाय असं समजायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा. ढीग मातीवर नको, जुन्या लादीवर किंवा पत्र्यावर टाका, वर ताडपत्री, आणि शेवटची बोटभर वाळू खरवडून मिक्सरमध्ये टाकू देऊ नका.